दुतोंड्या मारुती आणि दहाचा कढीपत्ता

बुधवारच्या बाजारातून निघताना माझ्या पिशवीत सगळ्यात वर काय असणार, हे ठरलेलं असतं. तळाला बटाटे, त्यावर वांगी, मग टोमॅटो, आणि पैसे देऊन झाल्यावर मावशींच्या हातून पडलेल्या कढीपत्त्याच्या दोन काड्या, चार मिरच्या, कोथिंबिरीचे तुरे. वीस-बावीस वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. त्यामुळे 12 नोव्हेंबर 2025 च्या बुधवारी सुटे पैसे मोजून दिल्यावर मी सवयीनं पिशवीचं तोंड उघडं धरलं आणि तशीच उभी राहिले. मावशी शेजारच्या गिऱ्हाइकाला गवार जोखत होत्या. मला वाटलं, विसरल्या असतील. "मावशी, कढीपत्ता," मी म्हटलं. त्यांनी मान वर न करता उजवीकडे बोट दाखवलं. तिथे ओल्या गोणपाटावर, रबर लावलेल्या बारीक बारीक जुड्या ओळीनं मांडल्या होत्या. "दहाला एक हाये ताई."

दहा रुपये काही मोठी रक्कम नाही. बाजाराला येताना रिक्षावाल्यानं सुटे नाहीत म्हणून तेवढेच ठेवून घेतले होते आणि मी हूं की चूं केलं नव्हतं. मला लाज वाटली ती पैशांची नाही, त्या उघड्या धरलेल्या पिशवीची. "घरात आहे थोडा," असं खोटंच सांगून मी निघाले. रात्री खिचडीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, जिरं फुललं, आणि त्यानंतर जो चर्र आवाज व्हायला हवा, ज्यानं घरभर वास सुटतो आणि बाहेरच्या खोलीतला माणूस "झालं का?" म्हणून विचारतो, तो झालाच नाही. जेवताना नवऱ्यानं मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. "ऐकलंस का, ऑक्टोबरची महागाई पाव टक्क्यावर आली. 0.25. सध्याची मालिका सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कमी आकडा."

पाव टक्का. आणि मी खिचडीत पानं शोधत होते.

त्या जास्तीच्या चिमटीला आमच्याकडे 'वर' म्हणतात. "वर काय देता?" "वर चार मिरच्या टाका." आजी 'वरताळा' म्हणायची. माझं माहेर चांदवड तालुक्यातलं. लहानपणी आम्ही दुकानात पैसे नाही, वाटीभर बाजरी घेऊन जायचो. दुकानदार ती तागडीत घालायचा, त्या बदल्यात चहापत्ती किंवा मीठ द्यायचा, आणि पुडी बांधून झाल्यावर आमच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा. तो खडा हिशोबात नसे. घरी पोचेपर्यंत तो तोंडात विरघळून जायचा आणि हाताला मातीचा नि गुळाचा मिळून एक चिकट वास राहायचा. दूधवाला माप ओतून झालं की किटली तिरकी करून वरून एक बारीक धार सोडायचा. ती धार कधी किती मोठी, यावरून आजी त्याच्या घरी म्हैस व्यायली का, बायको माहेरी गेली का, असले अंदाज बांधायची. पिशवीतलं दूध आलं आणि धार गेली. आता पिशवीवर पाचशे मिलिलिटर छापलेलं असतं आणि ते पाचशेच असतं. तक्रार करायला जागा नाही. पण पिशवी कापल्यावर मी अजून ती उलटी धरून शेवटचा थेंब गळायची वाट बघते. तेवढाच वरताळा.

बाजार भरतो तो गंगेवर. नाशिकबाहेरच्यांना सांगायला हवं, की गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिथून थोड्या अंतरावर रामकुंडाजवळ पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, दोन्ही दिशांना तोंडं करून. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते पाटबंधारे खातं रीतसर जाहीर करतं, पण नाशिककर विचारतात ते एकच: "मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्याला आलं म्हणजे भांडीबाजारातले दुकानदार माल वर उचलायला लागतात. कमरेला आलं की लोक बघायला येतात. छातीला आलं की पोलीस त्या लोकांना हाकलायला येतात. 2019 च्या ऑगस्टात पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं तेव्हा कुणाला आकडा विचारायची गरजच उरली नव्हती. मला वाटतं, प्रत्येक घराचा असा एक मारुती असतो. कुणाचा चहाचा ग्लास, कुणाचा वडापाव, कुणाची अंड्यांची डझन. माझा मारुती ही मावशींच्या हातची चिमूट होती हे मला त्या बुधवारपर्यंत कळलं नव्हतं.

आधीचे पूर मला चवीनं आठवतात. 2015 च्या दिवाळीआधी तूरडाळ दोनशेच्या पुढे गेली होती, तेव्हा सासूबाई होत्या. त्यांनी कुणाला काही न सांगता वरणात मुगाची डाळ मिसळायला सुरुवात केली. रंग जरा फिका, चव जरा गोडसर, आणि वरणाचा गोळा भातावर बसेना, तो घरंगळायचा. मुलगा म्हणाला, "आजी, वरण पातळ झालंय." त्या म्हणाल्या, "पोटाला हलकं असतं." 2022 साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं नि सूर्यफुलाचं तेल अडलं, मग इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवणं काही आठवडे बंद केलं. कुठला इंडोनेशिया आणि कुठली आमची कढई! पण त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा कुरडया-पापड तळायचं सोडून भाजून दिले, आणि तळणीचं तेल गाळून बरणीत भरताना बरणीवर तारीख लिहिली. 2023 च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेले, तर आम्ही चिंचेवर आणि आमसुलावर आलो आणि खरं सांगायचं तर आमटी जास्त चांगली लागायला लागली. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोवाल्यांनी त्या महिन्यात काय पैसा केला त्याच्या बातम्या सगळीकडे झळकत होत्या. पुढे भाव पडल्यावर तेच टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतले गेले. त्याच्या बातम्या मात्र आतल्या पानावर होत्या.

लसणाचं दुखणं वेगळं. 2024 च्या सुरुवातीला लसूण चारशेवर गेला आणि मी स्वतःला पाकळ्या मोजताना पकडलं. मोजायची म्हणून नाही, हात आपोआपच थबकायचा. पाचवरून चार, चारवरून तीन. डाळीला लसणाची फोडणी द्यायची तर पाकळी ठेचली की वास जास्त लागतो, चिरली की कमी, हे ज्ञान मला पन्नाशीजवळ आल्यावर झालं. लसूण पुढे उतरला. माझा हात काही पाचवर परत गेला नाही. तीनातच भागतं, असं जिभेला पटवून झालं होतं.

पण कांद्याचं काय करू? कांद्याच्या बाबतीत मी स्वतःच दुतोंडी आहे.

माझा भाऊ कांदा पिकवतो. वडिलांनीही तेच केलं. आमच्या घरात 'कांदा महागला' असं वाक्य कधी कुणी बोललंच नाही, 'कांद्याला भाव आला' असं म्हणत. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच, पण एक वाक्य स्वयंपाकघरात उभं राहून बोलतात आणि दुसरं कांदा साठवायच्या चाळीपाशी. लग्न होऊन नाशकात आले आणि पहिल्यांदा शेजारणीच्या तोंडून "काय बाई हा कांदा!" ऐकलं तेव्हा मला राग आला होता. नंतर नंतर मीही मान डोलवायला लागले. 2019 च्या डिसेंबरात कांद्यानं शंभरी गाठली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या गटावर कांद्याच्या अंगठीचे, कांद्याच्या लॉकरचे विनोद फिरत होते. त्यातला एक मी पुढे पाठवला. चुकून भावाला. त्याचा बराच वेळ काही निरोप नाही. मग संध्याकाळी फोन आला: "आक्का, भाव आहे गं, माल कुठंय?" दिवाळीतल्या परतीच्या पावसानं त्याचा लाल कांदा वावरातच सडला होता. शंभरचा भाव त्यानं पेपरात वाचला, माझ्याप्रमाणेच.

2023 ला उलटं झालं. माल होता. 7 डिसेंबरच्या रात्री निर्यातबंदीचा आदेश निघाला, दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, चांदवडला हायवेवर रास्ता रोको झाला, आणि लिलाव परत सुरू झाले तेव्हा महिन्याच्या आत भाव निम्म्याजवळ येऊन ठेपला होता. ती बंदी उठली 2024 च्या मे महिन्यात. त्या काळात मी बाजारात वीस-पंचवीस रुपये किलोनं कांदा घेतला. छान होता, कोरडा, घट्ट, लालचुटूक. चिरताना डोळ्यात पाणी आलं तर ते कांद्याचंच होतं, उगाच काव्य करत नाही. पण मला स्वस्त पडलेल्या प्रत्येक किलोमागे कुणाची तरी पट्टी बसली होती, ती मी पाहिलेली आहे. पट्टी म्हणजे आडत्याकडून मिळणारा कागद. वरती वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि सगळं वजा जाता तळाला उरलेला आकडा. भाऊ त्या पट्ट्या तारेला खोचून ठेवतो. वाऱ्यानं त्या फडफडतात. रिझर्व्ह बँकेच्या 2024 सालच्या एका अभ्यासात म्हटलंय, की ग्राहक कांद्यासाठी मोजतो त्या रुपयातले साधारण 36 पैसे शेतकऱ्याला मिळतात, टोमॅटोतले 33. हे मी भावाला सांगितलं तर तो हसून म्हणाला, "छत्तीस? बरेच धरलेत की."

मधल्या चौसष्ट पैशांचा हिशोब मलाही नीट लावता येत नाही. त्यात आडत आहे, डिझेल आहे, सडलेला माल आहे, मावशींचं पोट आहे. म्हणून 'मधले दलाल खातात' हे वाक्य माझ्या तोंडातून पूर्वीइतकं सहज निघत नाही.

आई असती तर म्हणाली असती, "तुम्ही कसली महागाई बघितली!" 1972 च्या दुष्काळात ती नवी नवरी होती आणि रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची, रेशनवर मिलो मिळायचा. परदेशातून आलेल्या त्या लाल ज्वारीची भाकरी थापताना चिरफाळायची आणि थंड झाली की चामड्यासारखी व्हायची, असं ती सांगायची. मुंबईत त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी महागाईविरुद्ध बायकांचे मोर्चे काढले, हातात लाटणी घेऊन. आईला ते मोर्चे बिलकूल ठाऊक नव्हते, तिच्या हातात घण होता. मला हे दोन्ही एकत्र आठवतं तेव्हा गंमत वाटते, की लाटणं माझ्याकडेही आहे, पण ते घेऊन मी जाणार कुठं? मी फार तर मिसळवाल्याकडे "रस्सा अजून वाढा" म्हणताना आवाज जरा चढवते. नाशिकच्या माणसाला रस्सा मागावा लागणं हाच मुळात अपमान आहे. हल्ली मागितला की देतात, पण पूर्वी वाढपी न विचारता किटली घेऊन फिरायचा, आणि बशीतल्या कांद्याची रास संपली की दुसरी रास आपोआप यायची. आता कांदा येतो तो चमच्याने मोजल्यासारखा, आणि महाग झाला की त्यात कोबी मिसळलेला असतो. कोबी कुरकुरीत लागतो, पण तर्रीला उत्तर देत नाही.

तर पाव टक्का. मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही, तरी या बातमीचं काय करायचं ते दोन दिवस डोक्यात घोळत राहिलं. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात हाच दर 6.21 होता आणि भाज्या तर वर्षभरात चाळीस टक्क्यांहून जास्त वाढलेल्या होत्या. त्या उंचीवरून मोजलं तर यंदा भाज्या उतरलेल्या दिसणारच, आणि त्या उतरल्याही होत्या, माझी तक्रार नाही. तेव्हाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन जवळजवळ 46 टक्के होतं, त्यामुळे भाजी उतरली की सगळा आकडाच खाली बसायचा. मला खटकतं ते वेगळंच. गंगेचा पूर ओसरतो तेव्हा मारुतीची कंबर, गुडघे, पावलं एकेक करून उघडी पडतात, पायऱ्यांवर गाळ दिसतो, माणसं खराटे घेऊन उतरतात. महागाईचा दर उतरतो तेव्हा असं काही घडत नाही. पाणी छातीलाच राहतं, फक्त पूर्वीच्या वेगानं चढत नाही, इतकंच. वडापाव वीसचा झाला तो पंधराचा होत नाही. गिरणीवाल्यानं दळणाचा दर वाढवला तो वाढवला. डाळ, कांदा, टोमॅटो खालीवर होतात, पण माणसानं एकदा हात लावून तयार केलेली वस्तू महागली की परत उतरत नाही. रिझर्व्ह बँक म्हणे शहरांतल्या घरांना नेमानं विचारते, तुम्हाला महागाई किती वाटते? आणि घरांनी सांगितलेला आकडा सरकारी आकड्यापेक्षा बहुतेक वेळा मोठाच असतो. हे वाचून मला बरं वाटलं. एकटी मीच नाही तर!

पुढच्या बुधवारी मी थोड्या घुश्शातच गेले. बाजार उतरणीला लागलेला, साडेसातच्या पुढची वेळ, पिवळे दिवे, पायाखाली कोबीची पानं, मेथीचा ओला वास आणि पलीकडे घाटावरून येणारा घंटेचा आवाज. मावशींसमोर गिऱ्हाईक नव्हतं. मी विचारूनच टाकलं, कढीपत्ता विकायला कधीपासून लागलात म्हणून. त्या जरा वेळ जुड्यांवर पाणी शिंपडत राहिल्या. मग म्हणाल्या, "इकत नव्हतेच ना मी. घरचा होता त्यो." त्या ज्या चाळीत राहायच्या तिच्या मागं एक कढीपत्त्याचं झाड होतं, नळाच्या सांडपाण्यावर वाढलेलं. दर बुधवारी सकाळी त्या चार फांद्या मोडून पाटीत टाकायच्या. उन्हाळ्यात मालकानं चाळ पाडली, तिथं आता इमारत उठतेय. झाड पहिल्याच दिवशी गेलं. मावशी पेठ रोडला दोन खोल्यांत भाड्यानं गेल्या. "आता मलाच इकत घ्यावा लागतो. फुकट कसा देऊ?" आणि कोथिंबीर? "कोथमीर तवा हातानं सोडून बांधायचे मी, काड्या पडायच्या. आता शेकड्यानं घेते ती तयार जुडी येती. पडतच न्हाई काही."

म्हणजे वीस-बावीस वर्षं मी जिला मावशींची माया समजत होते, ती बरीचशी त्या सांडपाण्यावरच्या झाडाची होती. यानं मला वाईट वाटायला हवं होतं, पण तितकंसं वाटलं नाही. ते झाड मी कधी पाहिलं नाही, तरी त्याची पानं माझ्या घरातल्या प्रत्येक फोडणीत गेली आहेत. पोह्यांत, कढीत, सासूबाईंच्या शेवटच्या आजारातल्या मऊ भाताच्या ताकातही. मी दहा रुपयांची जुडी घेतली. रबर काढून पाहिली तर पानं मोठी, गडद आणि चकचकीत होती. वास मात्र चुरल्याशिवाय येत नव्हता.

त्या रविवारी भाऊ आला. कांद्याच्या चाळीतला उरलेला उन्हाळ कांदा काढायचं काम चाललं होतं. क्विंटलला हजार-बाराशेच्या वर भाव गेला नव्हता, त्यात सहा महिन्यांत अर्धा माल घटीत आणि सडण्यात गेलेला. त्यानं अख्खी गोणी माझ्या दारात उतरवली. मी म्हटलं, "एवढा कोण खाणार?" तो म्हणाला, "वाट. मार्केटात न्यायचं भाडं तरी वाचेल." चहा घेताना त्यानं कप फुटेल असा टेबलावर ठेवला, एवढंच. बाकी त्या विषयावर काही बोलला नाही. मी सोसायटीत वाटला. ज्या शेजारणीनं कधीकाळी 'काय बाई हा कांदा' म्हटलं होतं, तिला दोन किलो जास्तच दिला, का कोण जाणे. तरी गोणीत बराच उरला. तेव्हा बुधवारी एक पिशवी भरून मावशींकडे घेऊन गेले.

"घरचा आहे," मी म्हटलं. "तुम्हाला आणलाय."

त्यांनी पिशवीत हात घालून एक कांदा काढला, साल नखानं सोलली, बुडखा दाबून पाहिला. "चांगलाय. कोंब न्हाई आला." मग पिशवी उचलून थेट काट्यावर ठेवली.

"अहो, पैसे नकोत मावशी."

"फुकट नको ताई. फुकटची सवय लागती." हे त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, त्यामुळे टोमणा होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काटा स्थिरावला. तीन किलो चारशे. "मला मार्केटात पंधरानं पडतो. पंधरानंच लावते." त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला, गोणपाटाखालची पत्र्याची डबी काढली, चाळीस रुपयांच्या नोटा आणि पाचाचं नाणं माझ्या हातावर ठेवलं.

पंचेचाळीस. मी पैसे हातात धरून काट्याकडे पाहिलं.

"आणि ते चारशे ग्रॅम?"

मावशी कांदे पाटीत ओतत होत्या.

"ते वर," त्या म्हणाल्या.